माणसं मोजायचा दिवस

फ्रिज उघडला तेव्हा रक्ताच्या बाटल्या श्रीखंडाच्या डब्याला टेकून उभ्या होत्या.

डबा स्टीलचा, चांगला मोठा, झाकणाला ओला फडका गुंडाळलेला. बाटल्या त्याच्या शेजारी एका ओळीत, सगळ्यांची लेबलं समोर, लग्नात मुलाकडची मंडळी फोटोसाठी उभी राहतात तशा.

"गजभारे," मी हाक मारली, "हे काय आहे?"

गजभारे आमचे तंत्रज्ञ. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. "श्रीखंड, मॅडम. तपासणीच्या साहेबलोकांसाठी. मेसचा फ्रिज बंद पडलाय."

"ते दिसतंय मला. बाटल्या इथे कशाला?"

"सरांनी काल संध्याकाळी काढायला लावल्या. म्हणाले, मशीन नवंकोरं दिसलं पाहिजे. बाटल्या खराब होऊ नयेत म्हणून मग गारव्याला ठेवल्या."

आता हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. रुग्णाच्या रक्तात जंतू शिरलेत अशी शंका आली, की थोडं रक्त काढून एका खास बाटलीत घालतात. बाटलीत जंतूंच्या आवडीचं खाणं असतं. ती उबेला ठेवायची. जंतू असले तर वाढतात, आणि ते वाढले की मशीन शिट्टी मारतं. ऊब हीच त्यातली मुख्य गोष्ट. बाटली फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे अंडी उबवायला बर्फाच्या कारखान्यात नेण्यासारखं. आमच्याकडे ते काम एका विभागप्रमुखाच्या तोंडी आदेशाने झालं होतं, म्हणजे रीतसर झालं होतं.

मशीन मात्र खरोखर देखणं दिसत होतं. त्याच्यावर झेंडूचा हार होता, कपाळाला हळदकुंकू होतं, आणि वरून पारदर्शक प्लास्टिक.

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होते. तात्पुरती. म्हणजे दर काही महिन्यांनी माझी नेमणूक संपायची, मग एक दिवस मी नोकरीत नसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा असायची. त्या मधल्या दिवशी मी नेमकी कोण असते, हे मला कोणी कधी समजावून सांगितलं नाही.

त्या दिवशी कॉलेजची तपासणी होती. बाहेरच्या राज्यातून समिती येणार, इमारत बघणार, खाटा बघणार, आणि मुख्य म्हणजे डोकी मोजणार. प्रत्येक विभागात ठरलेले इतके प्राध्यापक असलेच पाहिजेत. ते काय करतात हा प्रश्न नव्हता. ते सभागृहात खुर्चीवर बसलेले असले पाहिजेत, आणि नाव पुकारल्यावर मूळ प्रमाणपत्रं घेऊन उठले पाहिजेत. एक डोकं जरी कमी पडलं तरी कॉलेजची मान्यता लटकली, असं आम्हाला बजावलं होतं. त्यामुळे आदल्या आठवड्यापासून सगळीकडे रंगाचा वास येत होता आणि वॉर्डांत आजूबाजूच्या खेड्यांतून धडधाकट माणसं शिबिराच्या नावाखाली आणून खाटांवर निजवली होती.

मी बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या. एका बाटलीतलं पाणी गढूळ दिसत होतं, म्हणजे जंतू वाढले होते; मशीनने शिट्टी मारायच्या आत ती बाहेर निघाली होती. लेबलवर नाव होतं: अनुसया मस्के, प्रसूती विभाग.

ते नाव मला ठाऊक होतं, कारण त्या नावाची सासू प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी बसलेली होती.

चंद्रभागाबाई मस्के. आमच्याकडे रक्ताची बाटली वॉर्डातून लॅबमध्ये नेण्याचं काम परंपरेने नातेवाइकांचं. त्या दोन दिवसांपूर्वी बाटली घेऊन आल्या, आणि उत्तर घेतल्याशिवाय परत जायचं नाही अशी त्यांची समजूत असल्यामुळे खिडकीखालीच मुक्काम करून राहिल्या.

"म्याडम," त्यांनी मला बघितल्याबरोबर विचारलं, "शिजली का न्हाई अजून आमची बाटली?"

"बघते मावशी."

"सिस्टरबाई म्हनल्या व्हत्या, गार पडू दिऊ नका. मी आपली पदराखाली धरून आनली बगा, लेकरावानी."

आमच्याकडे त्या बाटलीला पदराइतकाही मान मिळाला नव्हता, हे खिडकीतून सांगायची गोष्ट नव्हती.

"सून कशी आहे?" मी विचारलं.

"कशाची कशी. बाळ झालं तवा हसत व्हती. आता डोळं उघडना. लगवी बंद झाली म्हनत्यात. डाक्टरीन पोरगी हाय ती, रडायला आली व्हती सकाळी, मीच तिला पानी पाजलं."

डॉक्टरीन पोरगी म्हणजे अंजुम तांबोळी, प्रसूती विभागाची निवासी डॉक्टर. मी तिला फोन लावला.

"मॅडम, सेप्सिस आहे, उघड दिसतंय," ती एका दमात बोलली. "बीपी धरत नाहीये. दोन अँटिबायोटिक चालू आहेत, काही उपयोग नाही. कपाटातलं औषध मागितलं तर टाकळे म्हणतात, सही झालेला कल्चर रिपोर्ट आणा. आमचे सर सभागृहात. त्यांचा फोन बंद."

सेप्सिस म्हणजे जंतू रक्तात भिनणं, कल्चर म्हणजे हीच बाटलीची तपासणी, आणि टाकळे म्हणजे औषध भांडारपाल. कपाटातलं औषध म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली इंजेक्शनं. ती कुणीही उठून वापरू नयेत म्हणून नियम होता, आणि नियम शहाणपणाचाच होता. फक्त तो करणाऱ्याने आमचा रिपोर्ट निघायला किती दिवस लागतात, हे विचारात घेतलं नव्हतं.

कारण आमची रीत अशी होती. बाटलीत वाढ दिसली, की ती एका ताटलीत पेरायची. दुसऱ्या दिवशी तिथे शुद्ध वाढ आली, की तिच्यावर औषधांच्या चकत्या ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती जंतू मेले, ते औषध लिहायचं. मग तो कागद सरांच्या टेबलावर. सर चहानंतर सही करत. त्या रीतीने आमचे कितीतरी रिपोर्ट अचूक निघाले होते आणि वॉर्डात पोहोचले तेव्हा खाट रिकामी होती.

मी बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेतला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गुलाबी कांड्या, म्हणजे जंतूच. सगळ्या क्षेत्रभर, शाळा सुटल्यासारख्या. चालू असलेली दोन्ही औषधं ह्या जातीला बहुतेक ओळखतही नसतील.

मी चकत्यांचा डबा काढला, तेवढ्यात सर आले.

डॉ. सेलूकर सर विभागप्रमुख. सूट घातला होता. सूटला अजून शिंप्याच्या खडूची रेघ होती.

"डॉक्टर बोधनकर, हे काय चाललंय? मशीनचं प्लास्टिक कोणी हलवलं?"

"कोणी नाही, सर. मी बाटल्या उबेला ठेवतेय, साध्या इन्क्युबेटरमध्ये."

"आज लॅब चालू नाही. आज लॅब दाखवायची आहे."

"सर, एका बाटलीत वाढ आहे. बाळंतीण आहे, सेप्सिस आहे. मी थेट बाटलीतूनच चकत्या लावते. संध्याकाळपर्यंत अंदाज येईल. दोन दिवस वाचतील."

"थेट बाटलीतून?" सरांनी मी त्यांना पंगतीत उभ्याने जेवायला सांगितल्यासारखं पाहिलं. "पुस्तकात असं नाही."

"नव्या पुस्तकात आहे, सर."

"ते आपल्या ग्रंथालयात आहे का?"

"नाही."

"मग नाही." सरांनी टाय सारखा केला. "आणि ऐका. जेवणानंतर मोजणी. आपल्या विभागात माणसं बरोब्बर तेवढीच आहेत, एकही जास्त नाही. एकदा विभागाचं नाव पुकारलं की दार बंद करतात. तुमची नेमणूक पुढच्या महिन्यात संपतेय हे मी तुम्हाला सांगायला नको."

"नको, सर."

"माझ्या सहीशिवाय या विभागातून चिठोरं बाहेर जाता कामा नये, हेही नको ना सांगायला?"

"तेही नको."

सर गेले. मी ताटलीवर चकत्या लावल्या, आणि रीतीप्रमाणे शुद्ध वाढीसाठी दुसरी ताटलीही पेरली. अंजुमला फोन करून गुलाबी कांड्या सांगितल्या. चिठोरं पाठवायला बंदी होती, फोनबद्दल सर काही बोलले नव्हते.

जेवणाला समितीने अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घेतला. श्रीखंड चांगलं झालं होतं म्हणे. त्या श्रीखंडाचा अनुसया मस्केला तेवढा फायदा झाला. ताटलीतले जंतू ऊब मिळाल्यावर नेटाने कामाला लागले होते. उन्हं कलायला लागली तेव्हा मी ताटली उजेडाकडे धरली. पातळ धुक्यासारखी वाढ दिसत होती. पहिल्या चकतीला खेटून वाढ. दुसरीला खेटून. चालू असलेल्या दोन्ही औषधांना जंतूंनी भीक घातली नव्हती. एकाच चकतीभोवती स्वच्छ गोल होता, आणि ते औषध टाकळ्यांच्या कपाटात होतं.

गजभाऱ्यांनीही बघितलं. "स्पष्ट आहे, मॅडम."

"स्पष्ट आहे."

"पण टाकळे भांडार बंद करून पाचच्या बसला जातात. तपासणी असो, प्रलय असो."

मी रिपोर्ट लिहिला. प्राथमिक निष्कर्ष, थेट पद्धतीने, असं स्वच्छ लिहिलं. खाली सहीची जागा, तिच्याखाली छापलेलं: विभागप्रमुख. कागद घेऊन सभागृहाकडे निघाले. अंजुम व्हरांड्यात भेटली. निवासी डॉक्टरांना सकाळीच मोजून सोडलं होतं. ती माझ्या शेजारून चालू लागली, जवळजवळ पळत.

सभागृहात शरीररचना विभागाची मोजणी संपत आली होती. अख्खं कॉलेज फायली मांडीवर घेऊन बसलेलं. शल्यचिकित्सेचे दोन प्राध्यापक झोपले होते. झोपलेलं डोकंही मोजणीत धरतात. सर पहिल्या रांगेत.

मी वाकून त्यांच्या कानाशी बोलले. "सर, सही."

"बसा."

"सर, एक सही. एकच औषध लागू पडतंय. भांडार बंद होईल."

"बसा आधी. पुढचा नंबर आपला आहे."

"सर, बाई जाईल."

"डॉक्टर," सर ओठ न हलवता म्हणाले, समिती समोर असल्यामुळे चेहरा हसरा होता, "कच्च्या वाढीवर मी तीस वर्षांत सही केलेली नाही. उद्या शुद्ध वाढ येऊ द्या, परवा बघू. खुर्चीवर बसा."

खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीला माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती. मी त्या खुर्चीच्या हातावर कागद ठेवला, 'विभागप्रमुख' या शब्दावर एक रेघ मारली आणि खाली माझी सही केली. हेमांगी बोधनकर, सहायक प्राध्यापक. 'तात्पुरती' लिहायला जागा पुरली नाही.

"काय करताय तुम्ही?" सरांचं हसू अजून तसंच होतं, ते काढायचं राहून गेलं होतं.

"सही, सर."

मी दाराशी पोहोचले तेव्हा माइकवर आमच्या विभागाचं नाव पुकारलं गेलं. शिपाई दार लोटत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी आत की बाहेर हे मीच ठरवावं अशा नजरेने. मी बाहेर झाले.

मी आणि अंजुम भांडारात पोहोचलो तेव्हा टाकळ्यांच्या एका हातात कुलूप होतं, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा.

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "सही सरांची नाही."

"नाही. माझी आहे."

"चालते का?"

"न चालायला काय झालं? मी या विभागात प्राध्यापक आहे. नियमात काय लिहिलंय? सही झालेला रिपोर्ट. ही सही आहे, हा रिपोर्ट आहे."

"उद्या मला विचारलं तर?"

"तर माझं नाव सांगा. स्पष्ट अक्षरात आहे."

टाकळ्यांनी जेवणाचा डबा खाली ठेवला. "काय आहे, मॅडम," ते म्हणाले, "रिपोर्ट रद्द झाला असं वरून आलं, तर पुढचे डोस मी देऊ शकणार नाही. रोजचा डोस रोज रिपोर्ट बघून. आजचा देतो." आणि त्यांनी कपाट उघडलं. अंजुम इंजेक्शनं घेऊन जी धावली, ती मला आभार मानायचंही विसरली. चांगली डॉक्टर होती.

मी लॅबमध्ये परत आले तर बोलावणं आलेलंच होतं.

सरांच्या केबिनमध्ये समितीचे एक सदस्य बसले होते, गोव्याचे डॉ. लोटलीकर. शांत माणूस. समोर चहा, आणि चहाशेजारी एक टाइप केलेला कागद.

"बसा बसा," सर म्हणाले. आवाजात एकदम माया आली होती. "डॉक्टर लोटलीकर फार समजूतदार आहेत. मी त्यांना सांगितलं, आमच्या बोधनकर मॅडमना सकाळपासून बरं नाही. उलट्या. आजारपणाची रजा असली तर ती हजेरीत धरता येते. हो ना, सर?"

"एका माणसाची धरता येते," लोटलीकर म्हणाले. "अर्ज पाहिजे मात्र."

"अर्ज तयार आहे." सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "खाली सही करा. आज तुम्हाला सह्या करायची हौस आहेच."

मी अर्ज वाचला. माझ्या पोटाचं वर्णन त्यात फारच आपुलकीने केलं होतं. सही केली की विभाग पूर्ण, कॉलेज पूर्ण, माझी नेमणूकही पुढच्या महिन्यात सुरळीत. पेन हातात घेतलंसुद्धा. उगाच कशाला खोटं सांगा, घेतलं.

"सर," मी विचारलं, "मी आज सकाळपासून रजेवर असले, तर मघाच्या रिपोर्टचं काय?"

"कुठला रिपोर्ट?"

"अनुसया मस्केचा."

"रजेवरचा माणूस रिपोर्ट कसा देईल? तो आपोआप रद्द. बरंच झालं, तेही निस्तरलं."

"मग उद्या टाकळे डोस देणार नाहीत."

"परवा शुद्ध वाढीवर मी सही करतो की."

"मधले दोन दिवस?"

सरांनी लोटलीकरांकडे पाहिलं. लोटलीकरांनी चहाकडे.

"एक करूया, सर," मी म्हणाले. "त्या रिपोर्टवर तुम्ही आत्ता सही करा. मी लगेच आजारी पडते. उलट्या, जुलाब, जे लिहायचं ते लिहा. तापही घाला."

"मी दिवसभर सभागृहात होतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. ताटली मी पाहिलेली नाही."

"आत्ता बघा. दहा पावलांवर आहे."

"बोधनकर, ती पद्धत पुस्तकात..."

"मग गैरहजर लिहा," मी लोटलीकरांना म्हणाले आणि पेन टेबलावर ठेवलं.

"काय?"

"रजेवर नाही. गैरहजर. मी सभागृहात नव्हते, लॅबमध्ये होते. काम करत होते. तसं लिहायला तुमच्याकडे रकाना असला तर तिथे लिहा."

"तसा रकाना नाही, मॅडम," लोटलीकर खरोखरच्या खेदाने म्हणाले. "हजर, रजा, गैरहजर. तीनच. आणि गैरहजर लिहिलं तर तुमच्या विभागात एक कमी. तो ठपका कॉलेजवर जाईल."

"पण गैरहजर माणसाची सही रद्द होत नाही ना?"

त्यांनी विचार केला. इतक्या तपासण्यांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला असावा. "सभागृहातून गैरहजर," ते सावकाश म्हणाले. "इमारतीत तर होतात. सहीशी आमचा संबंध नाही."

"मग लिहा."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?" सर उभे राहिले. सुटावरची खडूची रेघ अजून तशीच होती. "कॉलेजचं काय होईल? मुलांचं काय होईल? तुमचं काय होईल?"

"माझं पुढच्या महिन्यात कळेल, सर. तिचं आज रात्री कळेल."

लोटलीकरांनी लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं, ठळक अक्षरात. आयुष्यात माझ्याबद्दल इतकं खरं कोणत्याही सरकारी कागदावर कधी लिहिलं गेलं नाही, आणि तेही खोटंच होतं.

टाकळ्यांनी दुसऱ्या दिवशीचा डोस दिला, तिसऱ्या दिवशीचाही. मग शुद्ध वाढीवरचा निकाल आला, त्यानेही तेच उत्तर दिलं, आणि सरांनी चहानंतर त्यावर सही केली. कॉलेजला मान्यता मिळाली, फक्त शेरा मारून: सूक्ष्मजीवशास्त्र विभागात एक प्राध्यापक कमी. पुढच्या महिन्यात माझी नेमणूक संपली, आणि विभागाला आता जास्तीच्या माणसाची गरज नाही असं मला लेखी कळवण्यात आलं. शेऱ्याची कॉलेजातली प्रत आणि माझं पत्र, दोन्ही कागद एकाच टंकलेखकाने टाइप केले होते. त्यालाही काही खटकलं नाही.

टेबलाचा खण आवरून मी फाटकातून बाहेर पडत होते, तेव्हा चंद्रभागाबाई भेटल्या. अनुसयेच्या मूत्रपिंडांनी बरेच दिवस सगळ्यांना टांगणीला लावलं होतं, पण ती आता स्वतःच्या पायांवर उभी होती, भिंतीला धरून. बाळ सासूच्या खांद्यावर. नवरा, बालाजी, गाठोडी रिक्षात कोंबत होता.

"म्याडम, पिशव्या घिऊन कुटं निगालाव?"

"काम सुटलं, मावशी."

"आमच्यापायी?"

"नाही हो. त्या दिवशी माणसं मोजत होते सभागृहात. मी तिथे नव्हते."

चंद्रभागाबाईंनी बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मग त्या दिशी तुमी आमच्याकडं व्हता की. आमच्यात मोजा म्हनावं." आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. "चला, बसा. ष्ट्यांडवर सोडतो तुमाला. अने, सरक गं आत."

मी बसले. अनुसया माझ्याकडे बघून हसली. तिला मी कोण हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायचं काही कारणही नव्हतं.

रिक्षावाल्याने मागे वळून बोटाने मोजलं. पुढे बालाजी, मागे आम्ही तिघी, आणि बाळ.

"एक सीट जास्त होतंय, मावशी," तो म्हणाला. "चौकात पोलीस उभा आहे. एका जणानं उतरावं लागेल."

मी उतरले नाही.